हरल्या दिवशी गोड

टीम हरली की आमच्या मेसमध्ये गोड व्हायचं. शिरा, नाहीतर लापशी, नाहीतर गव्हाची खीर. जिंकली की पिठलं-भाकरी. नवीन आलेला पोरगा पहिल्यांदा चिडायचाच. आज आपण जिंकून आलो आणि ताटात पिठलं? तेव्हा इंदू म्हणायची, "जिंकलास ना? मग बाहेर लोक तुझे फोटो काढतायत, तेवढं पुरे. हरून येशील तेव्हा ये. तूप जास्त घालते."

इंदू म्हणजे माझी बायको. ती आता नाही. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळं तिच्याबद्दल दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही. म्हणून मी लिहितोय. शिक्षण सातवीपर्यंत, सगळा जन्म बसच्या स्टिअरिंगमागं गेला. नटवून लिहिता येत नाही आणि तिला ते आवडलंही नसतं.

टीम बास्केटबॉलची. पुण्यात अशी एक पगारी टीम होती हे पुष्कळ पुणेकरांना माहीत नाही, ज्यांना माहीत होतं ते विसरले. एका बिल्डर शेठनं हौसेनं काढली. तिला भलंमोठं इंग्रजी नाव होतं, ते माझ्या जिभेवर कधी बसलं नाही. जर्सी जांभळी, म्हणून आम्ही दोघं 'जांभळी टीम' म्हणायचो. चार सीझन चालली आणि बंद पडली. मी तिची बस चालवायचो. धायरीत शेठची एक इमारत विकली न जाता पडून होती, तिच्यात पोरांची राहायची सोय केली होती. खालच्या मजल्यावर मेस. सुरुवातीला मेस एका केटरिंगवाल्याकडं होती. पहिल्याच आठवड्यात पोरं बसमध्ये पोट धरून बसायला लागली. मॅनेजर मला म्हणाले, "काका, घरगुती स्वयंपाक करणारं कुणी आहे का ओळखीत?"

मी म्हणालो, "एक आहे. पण तोंड फार चालतं."

"तोंडाचं काय करायचंय? हात चालला पाहिजे."

दोन्ही चाललं.

पहिल्या सीझनला आम्ही सगळ्यात खाली. हरायचो, परत यायचो, शिरा खायचो. परत हरायचो. शेवटी कोच तक्रार घेऊन आले, की मॅडम, पोरांची वजनं वाढली, गोड बंद करा. इंदू कढईतलं उलथनं न थांबवता म्हणाली, "मग जिंकायला सांगा त्यांना. आपोआप बंद होईल." कोच पंजाबचे होते, त्यांना मराठी फारसं कळत नव्हतं, पण एवढं कळलं. पुन्हा आले नाहीत.

तिनं मॅच अशी एकदाच पाहिली. मीच आग्रह करून हॉलवर नेलं. लाकडी फरशीवर बुटांचा किरकिराट चाललेला, लाउडस्पीकर, उड्या मारणाऱ्या पोरी, शेठचे पाहुणे. बाहेर आल्यावर मी विचारलं, "कसं वाटलं?" म्हणाली, "एवढ्या वर चढून चेंडू जाळीत घालतात, तर जाळीला खाली भोक. मग घातला कशाला?" नंतर कुणी मॅचला बोलावलं की सांगायची, "मला निकाल सांगा. त्याप्रमाणे चूल पेटवते."

पण तिचं खरं काम स्वयंपाक नव्हतं. मेसच्या ओट्याला लागून एक बाकडं होतं. प्रॅक्टिस झाली की पोरं एकेक करून तिथं येऊन बसायची. कुणाचा घोटा सुजलाय आणि कोचला सांगायचं नाही. कुणाच्या घरी आई आजारी आहे. कुणाचं एका पोरीवर मन बसलंय आणि पोरगी आयटीवाल्याशी लग्न करतेय. इंदू लसूण सोलता सोलता ऐकायची. तिचा एकच नियम होता, मेसमधलं मेसमध्ये. मला सुद्धा सांगायची नाही. मी काही विचारलं की म्हणायची, "तुम्ही आपली बस बघा. समोर बघून चालवा." ती पोरं पंजाब, केरळ, राजस्थान, कुठून कुठून आलेली. इथं त्यांचं कुणी नव्हतं. जे होतं ते त्या बाकड्यावर होतं. इंदूलाही पोटचं कुणी नव्हतं. तिलाही जे मिळालं ते त्याच बाकड्यावर मिळालं.

दुसऱ्या सीझनला प्रफुल्ल आला. चंद्रपूरकडचा, बाप कोळशाच्या खाणीत. उंची एवढी, की बसमध्ये त्याच्यासाठी एक सीट काढून टाकावी लागली. सेंटर खेळायचा, म्हणजे रिंगच्या खाली उभं राहून सगळ्यांचे धक्के खायचे. पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरात वाकून आला आणि म्हणाला, "काकू, काही खायाले आहे का?"

इंदू म्हणाली, "खायाले पुष्कळ आहे. पण तुला भरायाले किती लागतं ते सांग आधी."

त्या दिवसापासून तो तिचा. लाडानं बोलणं तिच्यात नव्हतं. लांबोडक्या, ताडमाडा, असलंच काहीतरी म्हणायची. तो चिडायचा नाही. तिच्या हातातलं जड पातेलं काढून घ्यायचा, वरच्या फळीवरचे डबे स्टूल न घेता काढून द्यायचा. त्या वर्षी टीम सेमीफायनलला गेली आणि तिथं शेवटच्या मिनिटाला हरली. इंदूनं पुरणपोळी केली. प्रफुल्लच्या हातून चेंडू सुटला होता. तो रडत रडत जेवत होता. इंदू त्याच्या पोळीवर तूप सोडत म्हणाली, "रडायचं तर रड, पण चावून खा. नाहीतर उद्या पोट दुखलं म्हणून पुन्हा रडशील." सगळे हसले. तोही हसला, नाक पुसत.

तिसऱ्या सीझनच्या तोंडावर ते झालं.

प्रफुल्ल शनिवार करायचा, मारुतीचा. असाच एका शनिवारी प्रॅक्टिसहून आला, ओट्यापाशी उभा राहिला आणि भिंतीला घासत खाली बसला. इंदूनं तोंडावर पाणी मारलं, साखरपाणी पाजलं. शुद्धीवर आला. तिला वाटलं, उपासानं झालं. एवढा देह, दिवसभर पळायचं आणि पोटात नुसती केळी. चक्कर नाही तर काय येणार? तिनं फर्मान काढलं, "उपास बंद. मारुतीला मी सांगते, माझी ओळख आहे." त्यानं ऐकलं. पुढचे शनिवार तो पोटभर जेवला, आणि तिला वाटलं विषय मिटला. तिनं हे सगळं मला नंतर सांगितलं.

दुसऱ्यांदा झालं ते भर जेवणानंतर, उपास-तापास काही नसताना. भाताचं पातेलं उचलायला वाकला आणि पातेल्यासकट आडवा झाला. डोळे फिरलेले. इंदू सांगायची, की थोडा वेळ तिला त्याचा श्वास सापडतच नव्हता. ती ओरडणार एवढ्यात त्यानं डोळे उघडले आणि पहिला तिचा हात धरला.

"काकू, सांगू नका न कोणाले."

"अरे, पण झालं काय तुला?"

"होते कधी कधी. जाते आपोआप. घरी बी झालं होतं एकदा." मग जरा वेळानं म्हणाला, "माहा मोठा काका असाच गेला. वावरात काम करता करता. तरणाच होता."

हे तो का बोलला कोण जाणे. बोलला नसता तर इंदू गप्प बसली असती. पण ते ऐकल्यावर तिच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. त्याला ते दिसलं असणार, कारण तो लगेच म्हणाला, "तुम्हीच म्हणता न, मेसमधलं मेसमध्ये? मले खेळाशिवाय काही येत नाही काकू. घरचे सारे माह्यावरच आहेत."

पुढचे दोन-तीन दिवस भाजीला मीठ कमी-जास्त होत होतं. पोरांनी चेष्टा केली. तिनं उत्तर दिलं नाही, तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिनसलंय. मग दुपारी मी बस धूत होतो, तिथं आली.

"अहो, एक सांगायचंय. पण सांगितलं की माझा नियम मोडला."

"मग सांगू नको."

तरी तिनं सांगितलं. मी म्हणालो, "तरणाताठा पोरगा आहे. बैलासारखी ताकद आहे. काही होत नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

"तुला तरी काय माहीत?"

"मला नाहीच माहीत," ती म्हणाली. "म्हणून तर भीती वाटते."

तिनं आधी त्यालाच गाठलं. म्हणाली, तू स्वतः जाऊन सांग, नाहीतर मी सांगते. तो हात जोडून उभा राहिला. मग संतापला. "तुम्ही सांगितलं तर आयुष्यात तुमचं तोंड पाहणार नाही काकू."

"नको पाहूस. दुसऱ्यांची बघायला तरी राहशील."

दुसऱ्या दिवशी धुतलेली साडी नेसून, केस विंचरून ती मॅनेजरच्या खोलीत गेली. प्रफुल्लला आधी सांगून गेली, पाठीमागून नाही. मॅनेजरला म्हणाली, "प्रफुल्लला डॉक्टरकडं दाखवा. आज."

दाखवला. यंत्रं लावली, छातीचे फोटो काढले. एक डॉक्टर म्हणाले, हृदयाचा स्नायू जाड आहे, ह्याला खेळू देऊ नका, मैदानात कधीही कोसळेल. शेठनं मोठ्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, इतकी वर्षं पळणाऱ्या माणसाचा स्नायू जाड असतोच, कदाचित काही नसेलही, पण लेखी मी देणार नाही. शेठ धंदेवाला माणूस. मैदानात पोरगा मेला तर पेपरात नाव येईल, एवढंच त्याला समजलं. प्रफुल्लचा करार संपवला. ही बातमी इतकी फिरली, की दुसऱ्या कुठल्या टीमनंही त्याला दारात उभं केलं नाही.

बॅग घेऊन निघाला तेव्हा इंदू मेसच्या दारात उभी होती. बेसनाचे लाडू डब्यात भरून. तो थांबला.

"तुम्ही मारलं मले काकू."

"मारलं नाही रे."

"मंग हे काय आहे? खेळ गेला, त्याच्यात माहं काय उरलं ते सांगा. सांगा न."

तिनं नुसता डबा पुढं केला. डबा त्यानं घेतला, पायरीवर ठेवला आणि बसमध्ये चढला. नागपूरच्या ट्रॅव्हल्सपर्यंत सोडायला मीच गेलो. येरवडा मागं पडलं तेव्हा मी काच पुसायचा कपडा दिला तोंड पुसायला. त्यानं तो खाली टाकला.

तिसरा सीझन आम्ही जिंकलो. पहिल्यांदा आणि शेवटचं. प्रफुल्लच्या जागी परदेशातून एक उंच माणूस आणला होता, त्यानं सगळ्यांना धुतलं. पण बाकडं मोकळं पडलं ते पडलंच. पोरं यायची, ताट घ्यायची, खाली मान घालून जेवायची, जायची. कुणाचा घोटा सुजला तरी इंदूला कळायचं नाही. तिनं विचारलं तर "काही नाही काकू, ठीक आहे." एकदा कॅप्टननं मुद्दाम तिच्यासमोर मोबाइल धरला. गावाकडच्या कुठल्याशा स्पर्धेत प्रफुल्ल खेळत होता. मातीचं मैदान, फळीला रंग नाही. पळत होता, उड्या मारत होता.

"बघा काकू. काय झालंय त्याला? घोड्यासारखा पळतोय."

इंदूनं शेवटपर्यंत पाहिलं. मग कॅप्टनच्या ताटात भाकरी टाकली आणि म्हणाली, "गार होईल. खा."

चषक जिंकला त्या दिवशी तिनं सगळ्यांचं पिठलं केलं. मोठं पातेलं भरून. पण शेठनं टीमला परस्पर हॉटेलात नेलं आणि मेसला निरोप द्यायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. जिंकल्याचं पिठलं मग आम्ही दोघं खात बसलो, दुसऱ्या दिवशीही. मी म्हणालो, "टाकून दे." तर म्हणाली, "पोरं जिंकली आहेत, टाकून कसं देऊ?"

चौथा सीझन अर्ध्यातच आटोपला. टीम ज्यात खेळायची ती लीगच बंद पडली. कोणी म्हणालं टीव्हीवाले गेले, कोणी म्हणालं शेठ लोकांचं आपसांत फाटलं. पोरं पांगली. काही जण जाताना इंदूच्या पाया पडले, काही तसेच गेले. इमारत विकली गेली. बसचा जांभळा रंग खरवडून तिची शाळेची पिवळी बस झाली, ती मी कात्रजच्या घाटात एकदा पाहिली आणि ओळखली. शेवटच्या दिवशी मी म्हणालो, "आज गोड कर काहीतरी, आपल्या दोघांपुरतं." ती कढई घासत होती. म्हणाली, "हरायला कुणी राहिलंय का?"

त्यानंतर तिचं तोंड चालायचं कमी झालं. भाजीवाल्याशी भांडायची नाही. सोसायटीच्या पाटीवर कुणी अशुद्ध लिहिलं तरी काही बोलायची नाही. मला वाटलं, वय झालं. अशी काही वर्षं गेली. मग जेवण जाईना. पोटात गाठ निघाली. ऑपरेशन केलं, औषधं दिली, केस गेले. डॉक्टरनं विचारलं, "आजी, दुखतं का?" तर म्हणाली, "दुखत नसतं तर इथं कशाला आले असते? चहा प्यायला?" तेव्हा बरं वाटलं मला. म्हटलं, आहे अजून. पण नव्हती. पावसाळा संपायच्या आत गेली. अख्ख्या आजारपणात तिनं प्रफुल्लचं नाव एकदाच काढलं. ते पुढं सांगतो.

दिवस झाल्यावर काही आठवड्यांनी दुपारी दार वाजलं. उघडलं तर दारभर प्रफुल्ल. अंगानं सुटलेला, कानाशी केस पांढरे. कॅप्टननं त्याला कळवलं होतं. आत येऊन खुर्चीवर बसला. इंदूच्या फोटोकडं पाहिलं, लगेच नजर काढली.

मी विचारलं, "काय करतोस?"

"शाळेत आहे. पोट्ट्यायले खेळ शिकवतो."

"स्वतः खेळतोस?"

"बायको खेळू देत नाही. तिले कोणीतरी सांगितलं हे सारं. जरा पळालो की हात छातीवर ठेवते." मग म्हणाला, "डॉक्टरचं म्हणाल तर एक म्हणते आहे, एक म्हणते नाही. अजूनबी तेच चालू आहे."

मी चहा केला. माझ्या हातचा चहा वाईट असतो, तो त्यानं संपवला. कप ठेवताना म्हणाला, "काका, मी त्यांना माफ नाही केलं. खोटं बोलायले नाही आलो."

"माफी कुणी मागितली होती तुझ्याकडं?"

त्यानं रिकामा कप पुन्हा उचलून ठेवला. मलाही वाटलं, फार कडक झालं. पण खरं तेच होतं. मग त्यानं जे विचारायला तो एवढ्या लांबून आला होता ते विचारलं.

"काकूले कधी वाटलं का, का आपलं चुकलं?"

खोटं सांगता आलं असतं. हो म्हणालो असतो तर त्याचं समाधान झालं असतं, नाही म्हणालो असतो तर तिची शान राहिली असती. पण दोघांपैकी कुणालाच खोट्याची सवय नव्हती. मी त्याला दवाखान्यातलं सांगितलं. शेजारच्या कॉटवरच्या बाईला ते छातीचं यंत्र लावलेलं होतं, त्यातली हिरवी रेघ वर-खाली होत होती. इंदू बराच वेळ तिकडं बघत होती. मग मला म्हणाली, "अहो, प्रफुल्लच्या बाबतीत मी बरोबर होते का चूक, ते मला अजून कळलं नाही. कळायचा एकच रस्ता होता. तो पोरगा मैदानात पडून मरायला पाहिजे होता. मग सगळे म्हणाले असते, काकू बरोबर होत्या. त्यापेक्षा चूक म्हणून जाऊ दे मला."

प्रफुल्लनं ऐकलं. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता, ते हात तसेच राहिले. रडला नाही. मग उठला, चपला घातल्या, "येतो काका," म्हणाला आणि निघाला.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट कायम बंद. मी दारात उभा राहिलो. एवढा मोठा माणूस, त्याच्या पावलांचा आवाज सगळ्या जिन्यात घुमत होता. एक मजला उतरला आणि आवाज थांबला. मी कठड्यावरून वाकून पाहिलं. तो दिसेना, म्हणून दोन पायऱ्या उतरलो. तेवढ्यात खालच्या जोशीबाईंचा आवाज आला, "अहो, जरा बाजूला होता का? पिशव्या आहेत हातात." त्यानं त्यांना वाट दिली. मग पावलं पुन्हा सुरू झाली आणि न अडखळता तळापर्यंत गेली.

मी दार लावून घेतलं.